प्रोग्रॅमिंग भाषांचे स्वाध्याय आणि त्यांतील बंधने

संगणकाची एखादी भाषा शिकणे आणि ‘संगणकाच्या भाषा’ हा विषय शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात विद्यार्थी सी, जावा किंवा पायथन शिकतो आणि तिच्यात हिशेब, याद्या, खेळ लिहू लागतो. दुसऱ्या प्रकारात तो भाषेकडेच पाहू लागतो. नावाचा अर्थ कुठे शोधायचा, फंक्शन म्हणजे नेमके काय, चूक प्रोग्रॅम चालण्याआधी पकडायची की चालताना, असे प्रश्न तिथे येतात. मराठी बोलता येणे आणि मराठीचे व्याकरण सांगता येणे यांत जेवढे अंतर आहे, साधारण तेवढेच हे अंतर आहे.

मी इंदूरमध्ये पदवीच्या वर्गांना हा दुसरा विषय शिकवते. रविवारी सकाळी काही मराठीभाषक मुलांबरोबर तोच विषय मराठीतून वाचते. प्रस्तुत लेखात या विषयाच्या पुस्तकी भागाऐवजी त्यातील स्वाध्यायांविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांना घरी करायला दिलेल्या प्रोग्रॅमांविषयी लिहायचे आहे. या विषयात व्याख्यान ऐकून फार थोडे कळते. बहुतेक समज स्वाध्याय करताना येते. आणि अनेक वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की, स्वाध्यायाचे मोल त्याच्या उत्तरापेक्षा त्याने घातलेल्या बंधनात अधिक असते.

उदाहरणाचा अभ्यासक्रम

उदाहरणासाठी मी अमेरिकेत सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतला आहे. प्रा. डॅन ग्रॉसमन यांनी तो शिकवला आणि २०१३ पासून ‘कोर्सेरा’वरून तो जगभरच्या विद्यार्थ्यांना खुला झाला. त्यात तीन भाषा ओळीने येतात : स्टँडर्ड एमएल, रॅकेट आणि रुबी. एमएल ही १९७० च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात रॉबिन मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. रॅकेट ही लिस्प आणि स्कीम यांच्या घराण्यातली. रुबी ही जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांची. ती १९९५ मध्ये बाहेर आली.

ही निवड दोन प्रश्नांवर बेतलेली आहे. रचना फंक्शनांभोवती की वस्तूंभोवती, हा एक प्रश्न. मूल्यांचे प्रकार आधी तपासायचे की चालताना, हा दुसरा. एमएल फंक्शनांची आणि आधी तपासणारी, रॅकेट फंक्शनांची पण चालताना तपासणारी, रुबी वस्तूंची आणि चालताना तपासणारी. चौथा कोपरा जावाचा आहे, आणि ती भाषा विद्यार्थ्यांना बहुधा आधीच येत असते.

त्या स्वाध्यायांची उत्तरे मी इथे देत नाही. ती जाहीर करू नयेत असा त्या अभ्यासक्रमाचा नियम आहे आणि तो मला योग्य वाटतो. पुढे समजावण्यासाठी दिलेली उदाहरणे माझ्या वर्गातली आहेत.

पहिले बंधन : काहीही बदलायचे नाही

पहिला स्वाध्याय दिसायला सोपा आहे. वर्ष, महिना आणि दिवस अशा तीन आकड्यांची तारीख. अशा तारखांवर अकरा छोटी फंक्शने लिहायची. दोन तारखांतली आधीची कोणती, यादीतल्या किती तारखा अमुक महिन्यातल्या, असे प्रश्न. अट एकच कठीण आहे : एकदा दिलेले मूल्य बदलायचे नाही. म्हणजे ‘मोजणी शून्यापासून सुरू करा आणि प्रत्येक फेरीत एक वाढवा’ हा सगळ्यांच्या हातात बसलेला मार्ग बंद.

मग मोजायचे कसे? मी मुलांना पंगतीचे उदाहरण देते. पंगतीत किती माणसे बसली आहेत ते एका ठिकाणी आकडा खोडत आणि लिहीत न बसता सांगायचे आहे. उत्तर दोन वाक्यांत मावते :

पंगत रिकामी असेल, तर संख्या ०.
नसेल, तर संख्या = १ + (पहिला सोडून उरलेल्या पंगतीची संख्या).

यात कुठेही काही खोडलेले नाही. दुसऱ्या वाक्यात तोच प्रश्न पुन्हा आला आहे, पण लहान पंगतीसाठी. पंगत कधीतरी संपणार, म्हणून उत्तरही कधीतरी मिळणार. याला पुनरावर्तन म्हणतात.

वर्गात दरवर्षी कुणीतरी म्हणते, ‘मॅडम, पायथनमध्ये हे एका ओळीत होतं.’ खरेच होते. पण ती एक ओळ लिहिणाऱ्याला यादी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बंधन आले की सांगावे लागते : यादी म्हणजे एकतर रिकामी, नाहीतर एक घटक आणि उरलेली यादी. ही व्याख्या समजली की फंक्शनाचा आकार आपोआप तिच्यासारखा होतो. दोन शक्यता, दोन वाक्ये. शिवाय यादी मागाहून कुणी बदलणार नाही याची खात्री असली की तिची प्रत काढून जपून ठेवावी लागत नाही. एकच यादी दहा ठिकाणी निर्धास्त वापरता येते. मोठ्या प्रोग्रॅमांतल्या कितीतरी चुका ‘मी दिलेली यादी तिकडे कुणी बदलली?’ याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

दुसरे बंधन : कालचे अवजार आज वर्ज्य

दुसऱ्या स्वाध्यायाची गंमत अशी की, पहिल्यात ज्या अवजारांवर सगळे काम केले तीच आता वर्ज्य होतात. यादी रिकामी आहे का हे विचारणारे फंक्शन, तिचा पहिला घटक काढणारे, उरलेली यादी देणारे, या सगळ्यांवर बंदी. त्याऐवजी मूल्याचे सगळे संभाव्य आकार मांडायचे आणि प्रत्येकापुढे उत्तर लिहायचे. यातला मोठा प्रश्न पत्त्यांच्या खेळाचा आहे : पत्त्याचे रंग चार, किंमत गुलाम, राणी, राजा, एक्का किंवा आकडा.

या पद्धतीचा लाभ असा की, एखादा आकार मांडायचा राहून गेला, तर प्रोग्रॅम चालण्याआधीच भाषा सावध करते : ‘ही शक्यता राहिली आहे.’ मुलांना सुरुवातीला ही कटकट वाटते. मी त्यांना आपल्याच दोन भाषांकडे बघायला सांगते. हिंदीत ‘हम जाएँगे’ म्हटले, तर त्यात ऐकणारा धरला आहे की नाही, हे शब्दांवरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही जाऊ’ किंवा ‘आपण जाऊ’ यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे करता येत नाही. भाषा बोलणाऱ्याला आधीच ठरवायला लावते, म्हणून ऐकणाऱ्याचा नंतरचा घोटाळा टळतो. एमएलची तपासणी याच जातीची आहे.

इंदूरच्या मुलांना यापुढची पायरीही सांगावी लागत नाही. इथल्या बोलीतल्या हिंदीत ‘अपन’ आहेच : ‘अपन चलते हैं’ म्हटले की ऐकणारा सोबत आलाच. प्रमाणभाषेत जी सोय नाही ती बोलणाऱ्यांनी स्वतः उभी केली. प्रोग्रॅमरही हेच करतात. रॅकेटमध्ये आधीची तपासणी नाही, म्हणून तिथले शहाणे लेखक फंक्शनाच्या डोक्यावर अपेक्षित प्रकार टिपणीत लिहून ठेवतात आणि आत स्वतः तपासतात. सोय भाषेने दिली की सक्तीची होते. माणसांनी बांधली की पाळणे ज्याच्या त्याच्यावर राहते.

मधला स्वाध्याय : भाषाच लिहायची

अभ्यासक्रमाचा कणा मात्र रॅकेटमधल्या एका स्वाध्यायात आहे. तिथे एक छोटीशी कल्पित भाषा दिलेली असते आणि विद्यार्थ्याने तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंटरप्रिटर, लिहायचा असतो. वाक्यरचनेचा भाग मुद्दाम गाळलेला आहे. जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांची नावे मिरवणारी, अल्गोल ६० पासून रूढ झालेली व्याकरण लिहिण्याची पद्धत पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी त्या पद्धतीला पाणिनीचे नावही जोडावे असे सुचवले होते. पण इथे व्याकरण आधीच उलगडून दिलेले असते. ‘३ + ४’ असे न लिहिता ‘बेरीज(संख्या ३, संख्या ४)’ असे झाडच हाती येते. उरतो तो निव्वळ अर्थ.

अर्थाचे नियम मोजके आहेत. संख्येचा अर्थ ती संख्याच. बेरजेचा अर्थ लावायचा तर दोन्ही बाजूंचा अर्थ लावा, दोन्ही संख्या आहेत ना ते पाहा, मग मिळवा. ‘जर’ आला तर अट पाहून दोहोंपैकी एकाच फांदीचा अर्थ लावा. दुसरीला हातही लावू नका. नाव आले तर नोंदवहीत शोधा. ही नोंदवही म्हणजे कोणत्या नावाचे काय मूल्य आहे याची यादी, आणि ती अर्थ लावणाऱ्याच्या हातात सतत असते.

अडचण फंक्शनापाशी येते. हे पाहा :

दर = ५
किंमत = (वजन घेऊन) वजन × दर
दर = ८
किंमत(२) = ?

दुसरा ‘दर’ म्हणजे पहिल्याची खोडाखोड समजू नये. इथे खोडता येतच नाही. ती त्याच नावाची नवी नोंद आहे, आणि तिच्यापुढे ‘दर’ म्हटले की ८. मग ‘किंमत’मधला ‘दर’ कोणता? फंक्शन जिथे लिहिले तिथला धरला तर उत्तर १०. जिथे वापरले तिथला धरला तर १६. दोन्ही उत्तरे देणाऱ्या भाषा प्रत्यक्षात होऊन गेल्या आहेत. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या आपल्या निबंधात लिस्पचा अर्थ लिस्पमध्येच लिहून दाखवला आणि स्टीव्ह रसेल यांनी तो कागदावरचा मजकूर आयबीएम ७०४ या यंत्रावर उतरवला. त्या सुरुवातीच्या लिस्पमध्ये नाव वापराच्या जागी शोधले जाई. १९७५ मध्ये एमआयटीत गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी स्कीम घडवली, तेव्हा लिस्पच्या घराण्यात लेखनाच्या जागेचा नियम आला. आज बहुतेक भाषा तोच पाळतात.

का, हे मला एका जुन्या सवयीवरून समजावता येते. आपल्याकडे पत्राच्या डोक्यावर उजवीकडे गाव आणि तारीख घालतात. आत ‘उद्या निघतो’ असे लिहिलेले असते. पत्र चार दिवसांनी हाती पडले तरी वाचणारा ‘उद्या’ आपल्या दिवसावरून मोजत नाही. डोक्यावरच्या तारखेवरून मोजतो. ‘इकडे पाऊस चांगला आहे’ मधले ‘इकडे’ म्हणजे लिहिणाऱ्याचे गाव. गाव-तारीख नसलेले पत्र शब्दांनी पूर्ण असूनही अर्थाने अपुरे असते.

फंक्शनाचेही तसेच. त्याचा अर्थ म्हणून नुसता मजकूर साठवून चालत नाही. तो लिहिला त्या क्षणाची नोंदवही त्याच्यासोबत बांधावी लागते. मजकूर आणि नोंदवही यांच्या या जोडीला क्लोजर म्हणतात. फंक्शन वापरताना वापरणाऱ्याची नोंदवही बाजूला ठेवायची, क्लोजरमधली उघडायची, तिच्यात दिलेले मूल्य लिहायचे आणि मग मजकुराचा अर्थ लावायचा. फंक्शन स्वतःलाच बोलावणार असेल, तर त्याचे स्वतःचे नावही त्या वहीत चढवायचे. स्वाध्यायाचा सगळा जीव या चार ओळींत आहे. त्या लिहिताना विद्यार्थी चुकीची नोंदवही हाती घेतो, काही चाचण्या तरीही बरोबर निघतात, एखादीच चुकते, आणि त्या एकीपाशी तो तासभर बसतो. तो तास कुणी वाचवून दिला, तर स्वाध्यायच नाहीसा होतो.

शेवटचा स्वाध्याय : एकच तक्ता, दोन मांडण्या

शेवटी रुबीत दोन कामे येतात. एकात टेट्रिसचा चालू खेळ दिलेला असतो. मूळ मजकुराला हात न लावता, त्याच्या वारस-वर्गांतून नवे आकार आणि सोयी जोडायच्या. दुसऱ्यात भूमितीच्या पाच प्रकारच्या मूल्यांचे छेद काढायचे : काहीच नाही, बिंदू, तिरपी रेषा, उभी रेषा, रेषाखंड. पाचाला पाच, म्हणजे पंचवीस जोड्या. हेच काम एमएलमध्ये केलेले विद्यार्थ्याच्या हाती दिलेले असते. त्याने ते रुबीच्या वळणाने पुन्हा लिहायचे.

इथे मी सणाच्या स्वयंपाकाचे उदाहरण घेते. पदार्थ : पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी. कामे : सामान आणणे, शिजवणे, वाढणे. या तक्त्यातला मजकूर वहीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पदार्थाला एक पान दिले, तर नवा पदार्थ आला की नवे पान जोडून भागते; पण ‘खर्च काढणे’ हे नवे काम आले की प्रत्येक पान उघडावे लागते. कामाला एक पान दिले, तर नेमके उलटे. एमएलची मांडणी कामाच्या पानांची, रुबीची पदार्थांच्या पानांची. १९९८ मध्ये फिलिप वॅडलर यांनी या पेचाला नाव दिले आणि तेव्हापासून भाषा घडवणारे त्याच्याशी झुंजत आहेत. ‘कोणती भाषा चांगली?’ या प्रश्नाऐवजी ‘पुढच्या वर्षी पदार्थ वाढणार आहेत की कामे?’ असे विचारायला विद्यार्थी इथे शिकतो. तक्ता तोच ठेवून मांडणी बदलायला लावली, म्हणूनच हे दिसते.

आपल्याकडची प्रॅक्टिकल फाइल

आता आपल्याकडे काय चालते ते पाहू. सत्राअखेर प्रॅक्टिकल फाइल द्यायची असते. दहा-बारा प्रोग्रॅम, प्रत्येकाचे उद्दिष्ट, मजकूर, आउटपुट, सुंदर अक्षर, रंगीत मुखपृष्ठ. प्रोग्रॅम वर्षानुवर्षे तेच, म्हणून फाइल मागच्या तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जाते. मी एका ठिकाणी परीक्षक म्हणून गेले होते. तिथे वर्गभराच्या आउटपुटात एकाच विद्यार्थ्याचे नाव छापलेले होते, आणि तो आदल्या वर्षीच उत्तीर्ण होऊन गेला होता. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. फाइल उत्तर मागते आणि मुले उत्तर देतात. आता तर उत्तर लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. मागच्या तुकडीचीही गरज उरलेली नाही.

म्हणून मी विचारण्याची रीत बदलली. प्रोग्रॅम कुठूनही आणा. समोर बसल्यावर मी त्यातली एक ओळ बदलते आणि विचारते, ‘आता काय होईल?’ कागद आणि पेन्सिल द्यायची, नोंदवही काढायला सांगायची. दहा मिनिटे पुरतात. पहिल्या वर्षी अशाच एका मुलीसमोर मी वरचे ‘दर’चे उदाहरण ठेवले. हिंदी माध्यमातून आलेली, घरी मराठी बोलणारी. तिच्या फाइलला पूर्ण गुण होते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग इंग्रजीतली पाठ केलेली व्याख्या म्हणाली. पुढच्या रविवारी पत्राचे उदाहरण निघाले तेव्हा तिने मधेच विचारले, ‘म्हणजे फंक्शन आपली तारीख बरोबर घेऊन फिरतं?’ त्यानंतर तिला व्याख्या लागली नाही. इंटरप्रिटर पुरा करायला तिला तीन आठवडे लागले आणि त्यातली प्रत्येक ओळ ती बदलून दाखवू शके.

यावरून संज्ञाही मराठीच हव्यात असा आग्रह मी धरत नाही. क्लोजर, इंटरप्रिटर, फंक्शन हे शब्द पुढे नोकरीत त्याच रूपात भेटणार आहेत. ते तसेच राहू द्यावेत. पण ‘का’ आणि ‘मग काय होईल’ हे प्रश्न ज्या भाषेत मूल घरी भांडते त्या भाषेत विचारले, तर उत्तर पाठ केलेले येत नाही. दोन-तीन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हा विषय परका नाही. एकच गोष्ट दोन भाषांत सांगताना काय सुटते आणि काय नव्याने सांगावे लागते, हे त्यांना रोज दिसते. त्यांना हवे आहेत ते नीट बांधलेले स्वाध्याय आणि ते सोडवायला लागणारा वेळ.

वाचकांसाठी चार स्वाध्याय

१. पंगतीतल्या माणसांची नावे उलट क्रमाने सांगणारा नियम लिहा. बंधन : काहीही खोडायचे नाही, वाक्ये दोनच.

२. ‘दर’च्या उदाहरणात शेवटी ‘किंमत(किंमत(२))’ असे असते, तर दोन्ही नियमांनी काय उत्तर येईल? बंधन : प्रत्येक पायरीला नोंदवही लिहून दाखवायची.

३. घरातले एखादे जुने पत्र घ्या. गाव-तारीख झाकल्यास कोणकोणत्या शब्दांचा अर्थ लागत नाही, त्यांची यादी करा. बंधन : ‘आज’, ‘उद्या’, ‘इकडे’ हे तीन शब्द सोडून.

४. पदार्थ आणि कामे यांचा तक्ता आपल्या व्यवसायातून घ्या : दुकान, शाळा, शेती, काहीही. पुढच्या वर्षी त्यात ओळी वाढतील की रकाने, आणि आजची वही त्याला सोयीची आहे का, हे पाच वाक्यांत लिहा.

चारही स्वाध्याय कागदावर होतात. त्यांना संगणक लागत नाही.